वऱ्हाड परगावी निघताना

लग्न परगावी करायचं, ही काही आजची कल्पना नाही. आपल्याकडे वऱ्हाड हा शब्दच मुळी प्रवासाचा आहे. मुलाकडची मंडळी बैलगाड्या जुंपून, पुढे एसटीने, मुलीच्या गावी जायची. तिथे त्यांच्यासाठी जानवसघर तयार असायचं. कोणाचा तरी मोठा वाडा नाही तर गावातली शाळा. लक्ष्मण देशपांडे यांनी तर वऱ्हाड थेट लंडनला नेलं आणि सगळ्या महाराष्ट्राला हसवलं. मग आजचं 'डेस्टिनेशन वेडिंग' वेगळं कशात आहे?

वेगळेपण एकाच गोष्टीत आहे. पूर्वी दोन पक्षांपैकी एक पक्ष घरी असायचा. मुलीकडच्यांचं गाव, त्यांचा वाणी, त्यांचा आचारी, शेजारच्यांची भांडी, ओळखीचा डॉक्टर. काही कमी पडलं तर कोणीतरी सायकल मारत जाऊन घेऊन यायचं. आता दोन्ही पक्ष पाहुणे असतात. पुण्याचा मुलगा, ठाण्याची मुलगी आणि लग्न गणपतीपुळ्याला. तिथे दोघांचंही घर नाही. हळदीची वाटी विसरली तर शेजारी मागायची सोय नाही. अशा लग्नाच्या तयारीत जो गोंधळ होतो, तो बहुतेक ह्या एका गोष्टीमुळे होतो. आणि तयारी सोपी करायची म्हणजे काय करायचं, तर घर आपोआप जे पुरवत होतं त्याची आधीच व्यवस्था करायची. बाकी फुलांची कमान कोणत्या रंगाची, हे शेवटी ठरवलं तरी चालतं.

मी गेली काही वर्षं कोकणपट्टीतल्या अशा लग्नांची व्यवस्था बघते आहे. त्यामुळे मी बोलणार आहे ते कोकणाबद्दल. राजस्थानातल्या महालांबद्दल किंवा परदेशातल्या बेटांबद्दल नाही. २०१७ च्या डिसेंबरात विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी इटलीत लग्न केलं, त्यानंतर आपल्याकडच्या घरांमध्येही हा विषय जास्त निघायला लागला. पण मध्यमवर्गीय मराठी घराचं परगावचं लग्न म्हणजे बहुतेक वेळा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबाग, महाबळेश्वर, नाही तर गोवा.

बहुतेक घरांत आधी जागा ठरते. मुलीने कुठेतरी फोटो पाहिलेला असतो, मागे समुद्र, पुढे नारळाची झाडं. जागा ठरली की तिथे मिळेल ती तारीख घेतात आणि मग माणसांची यादी करायला बसतात. माझ्या मते हा क्रम बरोबर उलटा हवा. आधी माणसं, मग तारीख, मग जागा. कारण जागा बदलता येते, तारीख थोडी इकडेतिकडे करता येते, आजी बदलता येत नाही.

आजीचं उदाहरण मुद्दाम घेते. घरात एखादी ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची व्यक्ती असते. गुडघे धरलेले, दर दोन तासांनी उठावं लागतं, कमोड लागतो, जेवणाआधी इंजेक्शन असतं. तिच्याशिवाय हे लग्न व्हावं असं वाटतं का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा. आणि तो तिलाही विचारायचा. बहुतेक घरांत तिला कोणी विचारतच नाही. 'आजी, तू चल गं, गाडी करू' असं वरवर म्हणतात आणि ऐन वेळी 'तुला झेपणार नाही' म्हणून मागे ठेवतात. एका कुटुंबाने मात्र वेगळा मार्ग काढला. आजीला घाट झेपणार नव्हता. म्हणून केळवण, देवदेवक आणि हळद हे सगळं पुण्याच्या घरी, आजीच्या खोलीशेजारी केलं. पहिली हळद आजीने लावली. समुद्रावर फक्त लग्न. आजी गेली नाही, पण तिला टाकून गेले असंही कोणाला वाटलं नाही.

तर पहिल्या कागदावर तीन याद्या करा. ज्यांच्याशिवाय लग्न लागणारच नाही ते पहिल्या यादीत. ज्यांना न्यायची मनापासून इच्छा आहे ते दुसऱ्या यादीत. आणि ज्यांना बोलावलं नाही तर वाईट वाटेल, पण जे तीन दिवस येऊ शकणार नाहीत, ते तिसऱ्या यादीत. कार्यालयातले सहकारी, सोसायटीतली माणसं, वीस वर्षं घरी पोळ्या करणाऱ्या बाई. तिसऱ्या यादीसाठी परत आल्यावर आपल्याच गावात साधं स्वागत-भोजन ठेवता येतं. पोळ्या करणाऱ्या बाई मात्र खरं म्हणजे पहिल्या यादीत असतात, हे यादी करताना कित्येक घरांच्या लक्षात येतं.

ही यादी इतकी महत्त्वाची का, ते हिशेबात बघा. गावातल्या कार्यालयात एक पाहुणा वाढला म्हणजे एक ताट वाढतं. परगावी तसं नसतं. समजा, मंडळी आदल्या दिवशी सकाळी पोहोचली, दुसऱ्या दिवशी लग्न आणि तिसऱ्या दिवशी नाश्ता करून परत. म्हणजे तीन नाश्ते, चार जेवणं आणि दोन रात्रींची अर्धी खोली. उदाहरणादाखल खोली चार हजारांची, नाश्ता दोनशेचा आणि जेवण सातशेचं धरू. खोलीचे चार हजार, नाश्त्याचे सहाशे, जेवणाचे अठ्ठावीसशे. माणशी ७,४०० रुपये झाले. त्यात चहा-सरबत, गाड्या, कर अजून धरलेले नाहीत. 'अजून दहाच तर माणसं आहेत' असं कोणी म्हणालं की ते ७४ हजार रुपयांचं वाक्य आहे, हे लक्षात ठेवावं. उलट बाजूही आहे. चारशे ताटांऐवजी नव्वद माणसांचं लग्न केलं तर परगावचं लग्न शहरातल्या मोठ्या कार्यालयाच्या आसपासच्या खर्चात बसू शकतं. म्हणजे ते परवडणं न परवडणं जागेवर कमी आणि यादीवर जास्त ठरतं.

याच्याशी जोडलेला एक नाजूक प्रश्न आहे. प्रवासखर्च कोणाचा? आपल्याकडे हे उघड बोलायची पद्धत नाही, आणि तिथेच मनं दुखावतात. चार माणसांच्या कुटुंबाला मुंबईहून कोकणात येऊन जायचं म्हणजे तिकिटं, रजा, कपडे, आहेर. ज्यांना परवडत नाही ते 'मुलाची परीक्षा आहे' असं सांगतात. तेव्हा पत्रिकेसोबत किंवा फोनवर स्पष्ट सांगावं की राहण्या-जेवणाची व्यवस्था आमच्याकडे, प्रवासाचं तुम्ही बघा आणि आहेर अजिबात आणू नका. आणि ज्या दोन-तीन घरांना प्रवासही जड आहे हे आपल्याला माहीत असतं, त्यांची तिकिटं गाजावाजा न करता आपणच काढून पाठवावीत. व्याह्यांशीही खर्चाची वाटणी कागदावर करावी. खोल्यांचं कोणी, जेवणाचं कोणी, गुरुजी आणि वाजंत्री कोणी. मानपान नको म्हणणाऱ्या घरांतच पुढे 'आमच्याकडच्यांना मागच्या बाजूच्या खोल्या दिल्या' हे ऐकू येतं. समुद्र दिसणाऱ्या खोल्या दोन्हीकडच्या ज्येष्ठांना निम्म्या निम्म्या द्यायच्या, एवढं ठरवलं तरी बरंच निभतं.

आता तारीख. पंचांगात मुहूर्त पाहणारे पंचांग बघतील. पण कोकणात लग्न करणाऱ्याने त्याच पंचांगात अजून दोन गोष्टी बघायला हव्यात. पाऊस आणि भरती.

पावसाचं गणित आपल्या डोक्यात असं बसलेलं आहे, की मृग सात जूनच्या सुमारास लागतो, तोवर वैशाखातले मुहूर्त सुखरूप. २०२५ मध्ये मान्सून २५ मे रोजी सिंधुदुर्गात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. त्याआधीही तो महिनाभर पाऊस पडतच होता. उघड्यावर मांडव घातलेल्यांची त्या महिन्यात काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करा. त्याआधी २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेलं, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगड जिल्ह्यात थडकलं. सांगायचं काय, तर मे महिन्याचा दुसरा पंधरवडा आता मोकळ्या आकाशाखालच्या लग्नासाठी भरवशाचा राहिलेला नाही. मेमध्ये लग्न करायचंच असेल, हापूसचा आमरस पानात हवाच असेल, तर त्याच आवारात सगळी मंडळी मावतील असं छप्पर आहे का, हे आधी पाहावं. 'ताडपत्री टाकू' हे उत्तर मान्य करू नका. वाऱ्यात ताडपत्री टिकत नाही.

तुळशीच्या लग्नानंतरचा काळ, म्हणजे नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरचा मध्य, आणि पुढे माघ-फाल्गुन, हे कोकणातल्या लग्नाला उत्तम. हवा कोरडी, संध्याकाळी सुखद. फक्त नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळावा. त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या खोल्यांचे दर वाढतात, आणि पर्यटकांच्या गर्दीत आपलं वऱ्हाड हरवून जातं.

भरतीची गोष्ट मात्र बहुतेक शहरी मंडळींना ठाऊकच नसते. वाळूत लग्न लावायचं, मागे सूर्य बुडतोय, असं चित्र मनात असतं. आणि त्या दिवशी संध्याकाळी वाळूच नसते! कोकणातले जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती दिवसातून दोनदा येते, त्यामुळे ही वेळ दिवसालाही लागू आणि रात्रीलाही. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कामाला पुरतो.

आता हा हिशेब लग्नाला लावून पाहा. डिसेंबरात कोकणात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पौर्णिमेच्या आसपास त्या वेळी ओहोटी असते, किनारा लांबरुंद मोकळा असतो, वर चंद्रही असतो. अष्टमी-नवमीला मात्र त्याच वेळी पाणी वर चढलेलं असतं. अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे उधाणाइतकी जोरदार नसते, हे खरं. तरी पन्नास खुर्च्या आणि होमकुंड मांडायला जागा पुरेल का, हे स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय ठरवू नये. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. मुहूर्ताची तारीख आणि भरतीची वेळ एकमेकांशेजारी लिहून ठेवली की निम्मा निर्णय आपोआप होतो.

आणखी एक. किनारा हॉटेलवाल्याच्या मालकीचा नसतो. 'आमचा खाजगी बीच आहे' असं कोणी म्हणालं तर ते बोलण्यापुरतं. किनारपट्टीवर काय उभारता येतं याचे सीआरझेडचे नियम आहेत, आणि मांडव, व्यासपीठ, दिवे यांसाठी परवानगी लागू शकते. ती कोण काढणार आणि लग्नाच्या किती दिवस आधी ती हातात येणार, हे लेखी विचारावं. ध्वनिवर्धक रात्री दहानंतर उघड्यावर बंद, हा नियम २००० सालापासून आहे आणि समुद्रासाठी त्यात सवलत नाही. मद्य ठेवायचं असेल तर उत्पादन शुल्क विभागाचा एका दिवसाचा परवाना लागतो. माझा अनुभव असा, की मंगलाष्टकं वाळूवर आणि सप्तपदी आवारात, अशी विभागणी केली की सगळं सोपं होतं. समुद्रावरच्या वाऱ्यात होमाचा अग्नी सांभाळणं गुरुजींना फार जड जातं.

प्रवासाकडे येऊ. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि कोकणातली लग्नं मुंबईकरांच्या आवाक्यात आली. गोव्याचा उत्तर भाग किंवा सावंतवाडी परिसर असेल तर जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळही आहे. पण नव्वद माणसं रेल्वेने न्यायची तर एक बदल लक्षात ठेवायला हवा. पूर्वी १२० दिवस आधी आरक्षण करता येत असे, १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवस झाली. म्हणजे १५ डिसेंबरचं लग्न आणि १३ तारखेची रात्रीची गाडी असेल तर आरक्षण १४ ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता उघडणार. एका तिकिटावर सहाच प्रवासी. नव्वद माणसांची पंधरा तिकिटं जाण्याची आणि पंधरा येण्याची, आणि एका खात्यावरून महिन्याला किती तिकिटं काढता येतील यालाही मर्यादा. तेव्हा हे काम एकट्या नवऱ्या मुलाच्या भावावर टाकू नये. पाच-सहा घरांनी आपापली खाती आधार जोडून तयार ठेवावीत, कोणी कोणाची नावं भरायची ते आदल्या रात्री ठरवावं आणि आठला सगळ्यांनी बसावं. सगळा डबाच आरक्षित करायची सोयही आयआरसीटीसीकडे असते. त्यासाठी अनामत भरावी लागते आणि अर्ज बराच आधी करावा लागतो.

पुणे-कोल्हापूरकडच्यांना बस सोयीची. एसटीचा प्रासंगिक करार हा शब्द नव्या पिढीला माहीत नसतो, पण लग्नासाठी अख्खी एसटी ठरवून घेण्याची सोय जुनी आहे. घाटरस्त्याला सरावलेला चालक हा त्यातला मोठा फायदा. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना मुलांना आणि बायकांना मळमळतं, म्हणून आवळासुपारी, लिंबू आणि रिकाम्या पिशव्या ही वऱ्हाडातली सर्वांत दुर्लक्षित पण उपयोगी सामग्री आहे.

आता एक बारीक गोष्ट. मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्येने निघालेली मंडळी पहाटे रत्नागिरीला उतरतात. तिथून गणपतीपुळं पंचवीस-तीस किलोमीटर. म्हणजे सात वाजता साठ-सत्तर माणसं हॉटेलच्या दारात. आणि खोल्या मिळणार दुपारी बारा नाही तर दोन वाजता! रात्रभर प्रवास केलेल्या माणसांना दात घासायला जागा नाही. हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि लग्नाचा विचका व्हायला एवढंही पुरतं. यावर दोनच उपाय. एक तर आदल्या रात्रीपासून निदान आठ-दहा खोल्या घ्याव्यात आणि सगळ्यांनी पाळीपाळीने आवरावं. नाही तर दिवसाच्या गाडीने निघावं. खोल्या घेताना 'किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत' हे दरापेक्षाही आधी विचारावं.

विधींबद्दल गुरुजींशी लवकर बोला. आपल्या घरी काय करायचं आणि तिथे काय करायचं, याची वाटणी त्यांच्याकडूनच करून घ्यावी. देवदेवक, मुहूर्तमेढ, ग्रहमख घरी उरकलं तर तिथला पहिला दिवस मोकळा राहतो. सीमांतपूजन आणि हळद आदल्या संध्याकाळी. रुखवत न्यायचंच असेल तर जे मोडत नाही आणि विरघळत नाही तेवढंच न्यावं. साखरेचा बंगला कोकणच्या दमट हवेत टिकत नाही. गुरुजी आपले न्यायचे की तिथले घ्यायचे? तिथले घेतले तर त्यांच्याकडून साहित्याची यादी आधी मागवावी, कारण यादी गावागणिक वेगळी असते. समिधा, गोवऱ्या, आंब्याचे टाळे, केळीचे खुंट तिथेच मिळतात. मुंडावळ्या, अंतरपाट, पंचे, गाठोड्यातली सुपारी-हळकुंडं, मंगळसूत्र आणि जोडवी हे सगळं एका पेटीत, आणि ती पेटी एकाच माणसाच्या ताब्यात. ही पेटी गाडीच्या डिकीत जात नाही, मांडीवर जाते.

जेवणाचा आचारी शक्यतो तिथलाच घ्या. पनीरच्या चार भाज्या कोकणात नेऊन खायच्या कशाला? केळीच्या पानावर वालाचं बिरडं, काजूची उसळ, आंबोळी, सोलकढी, उकडीचे मोदक, हे सगळं स्थानिक बायका अप्रतिम करतात. फक्त ताटांची हमी द्यायचा आकडा जपून द्यावा. नव्वद माणसं असतील तर ऐंशी ताटांची हमी आणि वर जेवढी वाढतील तेवढ्यांचे पैसे, असं ठरवून घेता येतं.

आता कायदा. इथे गैरसमज बराच आहे. हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नात विधी महत्त्वाचे आहेत. सप्तपदी ज्या लग्नात आहे, त्यात सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्टच सांगितलं, की आवश्यक विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने लग्न झालं असं होत नाही. तेव्हा 'कागद आधी करून ठेवू, विधी नंतर बघू' असं हिंदू विवाह कायद्याखाली करू नये. दुसरीकडे, २००६ मध्ये याच न्यायालयाने सगळ्या विवाहांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं होतं. म्हणजे विधीही हवेत आणि नोंदणीही हवी.

नोंदणी कुठे होणार, आपल्या गावी की लग्नाच्या गावी, हे लग्नाआधीच आपल्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन विचारावं. लग्न गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात असेल तर नक्कीच विचारावं. गोव्याची नागरी नोंदणीची पद्धत वेगळी आहे, तिथे निबंधकापुढे दोनदा सह्या कराव्या लागतात. फॉर्म तिथूनच आणावा आणि सोबत न्यावा. का? कारण त्यावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. गुरुजी कोकणातले असतील आणि सही राहिली, तर एका सहीसाठी पुन्हा घाट उतरावा लागतो. तीन साक्षीदारही असे निवडावेत जे आपल्याच शहरात राहतात आणि पुढच्या महिन्यात कार्यालयात येऊ शकतील. अमेरिकेतला मामेभाऊ साक्षीदार म्हणून शोभतो, पण तो चौथ्या दिवशी विमानात असतो. पत्रिकेची एक स्वच्छ प्रत आणि विधींचे दोन-चार स्पष्ट फोटो जपून ठेवावेत.

ज्यांना विधींचा आग्रह नाही, किंवा ज्यांचे धर्म वेगळे आहेत, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात दोघांपैकी एकाचं नोटीस देण्यापूर्वी सलग तीस दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य हवं. नोटिशीनंतर पुन्हा तीस दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस नव्याने. साहजिकच हे लग्न परगावी लावणं कठीण. ते आपल्या जिल्ह्यातच, सोहळ्याच्या दोन-चार दिवस आधी उरकावं आणि समुद्रावर नुसता आनंदसोहळा करावा. मुलगा किंवा मुलगी परदेशात राहणारी असेल आणि दाखला व्हिसासाठी लागणार असेल, तर नोंदणी, मग राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, या सगळ्याला वेळ लागतो. दोन आठवड्यांच्या सुट्टीत हे बसवायचं तर नोंदणीची तारीख लग्नाच्या तारखेइतकीच आधी ठरवावी लागते.

पैशांचे व्यवहार कागदावर. २०२० च्या टाळेबंदीत कित्येकांच्या आगाऊ रकमा अडकल्या, कारण करारात 'रद्द झाल्यास' हा परिच्छेदच नव्हता. किती दिवस आधी रद्द केलं तर किती परत, वादळ किंवा सरकारी बंदी आली तर तारीख बदलून मिळणार का, वीज गेली तर जनरेटर किती तास चालणार आणि त्याचं डिझेल कोणाचं, सांगितलेल्या रकमेत कर धरलेला आहे की वर लागणार, बाहेरचा आचारी किंवा फोटोग्राफर आणला तर वेगळे पैसे घेणार का, हे सगळं लिहून घ्यावं. एका प्रसंगासाठी एकाच व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख रक्कम घेणं २०१७ पासून बेकायदा आहे. तेव्हा 'रोख द्या, कमी लावतो' याला भुलू नका. रोख दिलेल्या पैशाचा पुढे पुरावाही राहत नाही. आणि समजा फसवणूक झालीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो तिथल्या ग्राहक आयोगात करता येते. त्यासाठी हॉटेलच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. १९१५ हा ग्राहकांसाठीचा मदत क्रमांक आहे.

आगाऊ रक्कम देण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन यावं, आणि तेही ज्या वेळी लग्न आहे त्याच वेळी. सकाळचं लग्न असेल तर सकाळी ऊन कुठे येतं ते कळतं. संध्याकाळचं असेल तर डास किती आहेत ते कळतं. त्या फेरीत समुद्र कमी बघा आणि बाकीचं जास्त. सर्वांत जवळचा दवाखाना किती किलोमीटरवर, रात्री डॉक्टर असतो का, औषधाचं दुकान किती वाजता बंद होतं. १०८ ची रुग्णवाहिका असते, पण तिला यायला किती वेळ लागतो ते गावातल्याच माणसाला विचारा. तळमजल्यावर किती खोल्या आहेत. संडासात धरायला काही आहे का. कोणत्या कंपनीचा मोबाइल तिथे लागतो. इस्त्रीवाला आहे का. नव्वद माणसांच्या साड्या आणि कुर्ते चुरगळलेले असणार, आणि हॉटेलात इस्त्र्या दोनच असतात!

ज्या दिवशी लग्न, त्या दिवशी वरमाय आणि वधूची आई यांच्याकडे एकही किल्ली, यादी किंवा फोन देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही घरांतला एकेक शांत स्वभावाचा माणूस, शक्यतो आत्याचा नवरा किंवा मावसभाऊ, ज्याचा विधींमध्ये कुठेच पाट नाही, त्याच्याकडे सगळा कारभार सोपवावा. हॉटेलवाल्याला, आचाऱ्याला, बसवाल्याला ह्या दोघांचेच नंबर द्यावेत. अंतिम बिल शेवटच्या सकाळी घाईत बघू नये. आदल्या रात्री त्या दोघांनीच व्यवस्थापकाजवळ बसून ताटं आणि खोल्या मोजून घ्याव्यात.

आणि गृहप्रवेश. काही घरं तोही हॉटेलच्या खोलीच्या दारात करतात, खोली क्रमांक २०४ च्या उंबऱ्यावर माप ठेवून. मला ते पटत नाही. नव्या सुनेने माप ओलांडायचं ते ज्या घरात तिला राहायचं त्या घराचं. ते परत आल्यावर करावं. पण वऱ्हाड रात्री उशिरा, दमूनभागून पोहोचतं, घर चार दिवस बंद असतं, दारात रांगोळी नसते, दूध नसतं, तांदळाचा डबा कुठे आहे हे कोणाला आठवत नाही. म्हणून एका काकूला आणि एखाद्या भाचीला आधीच्या गाडीने पुढे पाठवावं. त्यांच्याकडे घराची किल्ली द्यावी आणि मापटं कोणत्या कपाटात आहे ते निघण्यापूर्वीच दाखवून ठेवावं.